दीड वीत टीव्ही

टीव्हीच्या दुकानात उभं राहून टीव्हीचा आकार ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानाचं छत चौदा-पंधरा फुटांवर असतं, भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत टीव्हींनी भरलेली असते आणि प्रत्येकावर तोच रंगीबेरंगी पोपट पंख पसरत असतो. अशा गर्दीत ५५ इंची टीव्ही घरातल्या मधल्या भावंडासारखा दिसतो. एका बाजूला ७५, दुसऱ्या बाजूला ८५, आणि हा बिचारा मध्ये अंग चोरून. सेल्समन पोरगा तयारीचा असतो. "मॅडम, पंचावन्न आता कॉमन झालंय. पासष्ट घ्या, महिन्याभरात डोळ्यांना सवय होते." यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. सवय सगळ्याचीच होते, ३२ इंचांचीही झालीच होती की. पण तोच टीव्ही घरी येतो, नऊ-साडेनऊ फुटांच्या छताखाली खोका उघडतो आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अगं बाई, केवढा आणलात हा!"

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. बरीच वर्षं काढतेय. त्यामुळे लोकांचे हॉल मला आतून-बाहेरून पाठ आहेत. पुण्या-मुंबईकडच्या वन बीएचके, टू बीएचकेचा हॉल म्हणजे १० फूट बाय १५-१६ फूट. नशीब जोरावर असेल तर ११ बाय १७. नकाशावर सोफ्याला आकार असतो, डायनिंगच्या भोवती खुर्च्या असतात, दाराचा उघडण्याचा पाव गोल असतो. टीव्ही मात्र भिंतीला चिकटलेली एक बारीक आडवी रेघ असते. सगळा हॉल ज्या वस्तूकडे तोंड करून बसणार, तिला नकाशात सगळ्यात कमी शाई. आणि ती रेघ कुठल्या भिंतीवर जाणार हे घरमालक ठरवत नाही, मीही ठरवत नाही. ते बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने आधीच ठरवलेलं असतं. टीव्ही पॉइंट जिथे, टीव्ही तिथे. तो पॉइंट जवळजवळ नेहमी लांबीच्या भिंतीवर असतो, म्हणजे समोरचा सोफा खोलीच्या रुंदीपलीकडे. सोळा फुटांचा हॉल म्हणून लोक खूश असतात, पण टीव्ही बघायच्या कामाला त्यातले दहाच येतात.

त्या दहा फुटांतूनही वजाबाकी करावी लागते. सोफा पलीकडच्या भिंतीला टेकलेला असला, तरी डोळे भिंतीत नसतात. पाठ, गादी, उशी धरून डोळा भिंतीपासून दोन फूट पुढे येतो. इकडे टीव्ही ब्रॅकेटवर तीन-चार इंच बाहेर. उरले साडेसात-आठ फूट. मला विचाराल तर टीव्ही घ्यायला निघालेल्या माणसाने पहिल्यांदा हा आकडा मोजावा. बजेट नंतर, कंपनी नंतर, पॅनेल कुठलं ते तर फारच नंतर.

आता इंचांचं. टीव्हीचे इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी रेघ, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घरी भिंत मोजताना सगळेच विसरतात. आपल्याकडे जाहिरातीत आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात सेंटिमीटर लिहिलेले असतात, १०८ सेंटिमीटर, आणि कंसात बारीक ४३ इंच. दोन्ही आकडे तिरकेच. प्रत्यक्षात ४३ इंची टीव्हीचं चित्र साडेसदतीस इंच रुंद आणि २१ इंच उंच असतं. ५५ इंची म्हणजे ४८ बाय २७. ६५ इंची म्हणजे जवळपास ५७ बाय ३२. आकडे शेजारी शेजारी ठेवले तर ४३ आणि ५५ मध्ये बारा इंचांचाच फरक, पण क्षेत्रफळ काढलं तर ५५ इंची चित्र ४३ पेक्षा दीडपटीहून मोठं भरतं, अगदी नेमकं सांगायचं तर ६४ टक्क्यांनी. दुकानात हे कळत नाही. भिंतीवर कळतं.

तिरक्या रेघेचा आणखी एक खेळ आहे आणि त्यात आपल्या सगळ्यांची एक पिढी सापडली. जुन्या काचेच्या पेट्या ४:३ च्या होत्या, चौकोनाच्या जवळ जाणाऱ्या. नवे टीव्ही १६:९, लांबट. ज्यांच्याकडे २९ इंची मोठी पेटी होती त्यांनी मोठ्या हौसेने ३२ इंची चपटा टीव्ही आणला, जुनी पेटी भंगारवाल्याला दिली (दोघांनी धरूनही जिना उतरवताना घाम फुटायचा) आणि आपण मोठा टीव्ही घेतला असं समजले. चित्राची उंची मात्र साडेसोळा इंचांच्या आसपास होती ती पावणेसोळावर आली. जुना सिनेमा लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आणि मध्ये आधीपेक्षा लहान झालेली माणसं. आमच्या सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "सगळे बारीक झालेत." आम्ही त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला नेलं.

मग केवढा हवा? इंचांत विचारलं की उत्तर मिळत नाही, कारण डोळ्याला इंच कळत नाहीत. डोळ्याला कळतो कोन. समोरच्या दृश्यातला किती भाग पडद्याने व्यापलाय, एवढंच त्याच्या लेखी खरं. सिनेमा आणि टीव्हीच्या तंत्रज्ञांची एसएमपीटीई नावाची जुनी अमेरिकन संस्था आहे. पडदा आडवा निदान ३० अंश भरावा, हा तिच्या नावाने चालत आलेला दंडक. थिएटरसारखं गुंगून जायचं असेल तर ४० अंश, असं थिएटरांना दर्जाचं प्रमाणपत्र देणारे टीएचएक्सवाले म्हणतात. आता घरात कोनमापक घेऊन कोण बसणार? मी ऑफिसात साइटवर वापरते ती युक्ती सांगते. हात समोर पूर्ण लांब करा आणि वीत पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साधारण २० अंश होतात, थोडे जास्तच. लहान मुलाची वीत लहान आणि हातही आखूड, त्यामुळे कोन जवळपास तोच राहतो. म्हणजे तीस अंश म्हणजे दीड वीत. आपल्या रोजच्या जागेवर बसायचं, हात लांब करायचा आणि समोरच्या भिंतीवर दीड वीत मोजायची. जेवढी भिंत झाकली तेवढा टीव्ही.

आमच्या जुन्या ३२ इंचीला मी असं मोजलं होतं. आठ फुटांवरून एक वीतही भरली नाही, वर थोडी भिंत उरली. ४३ इंची असता तर बरोबर एक वीत. ५५ इंची दीड विताच्या किंचित आत, ६५ किंचित बाहेर. आकडेमोडच करायची असेल तर डोळ्यापासून टीव्हीपर्यंतचं अंतर इंचांत मोजून १.६ ने भागा. आठ फुटांचे ९६ इंच, भागिले १.६, बरोबर ६०. साठ इंची टीव्ही दुकानात सहसा सापडत नाही, तेव्हा ५५ आणि ६५ यांच्यामध्ये घरातल्यांनी भांडावं.

हे सांगितलं की लोकांचा चेहरा बदलतो. दहा फुटांच्या हॉलला ५५? त्यांच्या मनात अजून "लांबून बघ, डोळे जातील" हे बसलेलं असतं. ते अगदीच खुळं नव्हतं. जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ रेघांचं, त्यातल्या दिसणाऱ्या पावणेसहाशेच्या आसपास. जवळ गेलं की रेघा दिसायच्या, चेहरा खवल्याखवल्यांचा व्हायचा, म्हणून लांब बसणंच बरं वाटायचं. शिवाय १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत टीव्हींतून मर्यादेबाहेर क्ष-किरण निघतात असं उघडकीला आलं आणि जगभरच्या आयांच्या धाकाला एक कारण मिळालं. आजच्या टीव्हीत ती काचेची नळीच नाही. रेघांचं म्हणाल तर आठ फुटांवरून ६/६ नजरेच्या माणसालाही साधारण ०.७ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपके सुटे दिसत नाहीत, आणि ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर. जाता जाता यातून एक निघतं: दहा फुटांच्या हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही घेऊन त्याच्या फोर-केसाठी कुणी वर पैसे मागत असेल, तर ते पैसे सोफ्यावर बसलेल्या माणसाला दिसणार नाहीत. आजकाल बहुतेक ठिकाणी फोर-के तसंही येतंच, ती गोष्ट वेगळी.

मुळात "टीव्ही लहान पडतो" ही तक्रारच नवी आहे. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. माझ्या लहानपणी, त्यानंतर दहा वर्षांनीही, आमच्या चाळीत टीव्ही मोजक्या बिऱ्हाडांत होता. लाकडी पेटी, पुढे सरकतं शटर, शटरला चक्क कुलूप. शनिवारी-रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की खोलीत मुलं जमिनीवर, बायका भिंतीला टेकून, पुरुष दारात आणि उरलेले बाहेर गॅलरीत, खिडकीच्या गजांतून. पेटी वीस इंची. गॅलरीतल्या माणसापासून ती वीस फुटांवर. त्याच्या डोळ्यात तो पडदा चार अंशही भरत नव्हता, म्हणजे लांब केलेल्या हाताचे दोन अंगठे शेजारी शेजारी धरले की सिनेमा संपूर्ण झाकला जाईल. तरी त्याला खलनायक कोण ते कळत होतं, आणि नायिकेची आई गेली की तो डोळेही पुसत होता. हे आठवलं की दीड वितीचा माझाच हिशेब मला जरा लाडावलेला वाटतो.

आणि दुसऱ्या टोकाला माझा मुलगा. त्याला मोठ्या टीव्हीचं काही वाटत नाही. मॅच सोडली तर तो सगळं मोबाइलवर बघतो, पलंगावर उताणा पडून, फोन नाकापासून फूटभर अंतरावर. एवढ्याशा पडद्यावर कसं रे बघवतं, असं आम्ही त्याला उठता-बसता विचारायचो. एकदा सहज हिशेब केला. साडेसहा इंची फोन आडवा धरला की व्हिडिओचं चित्र साधारण पावणेपाच इंच रुंद. एक फुटावरून ते बावीस अंश भरतं. आठ फुटांवरचा ४३ इंची टीव्ही किती भरतो? बावीस अंश. पोराच्या डोळ्याला दोन्ही तंतोतंत सारखे. उलट फोन मध्ये बोलत नाही, जेवायला ऊठ म्हणत नाही आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात नसतो. तेव्हा हॉलमध्ये ४३ आणून "चला, आता सगळे एकत्र बघू" असं म्हणणाऱ्या आई-बापांनी एवढं लक्षात घ्यावं, की मुलाला उठून बाहेर यायला त्या चित्रात काहीच जास्तीचं नाही. मोठा घ्यायचं एकच भक्कम कारण मला पटतं ते हे.

पण आकार हा निम्मा प्रश्न. उरलेला निम्मा उंचीचा, आणि त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. मी पाहिलेल्या घरांत टीव्ही लहान घेतल्याने जेवढा त्रास होतो, त्याच्या कितीतरी पट तो वर टांगल्याने होतो. सुताराने युनिट बनवलेलं असतं, खाली ड्रॉवर, ड्रॉवरवर ग्रॅनाइट, ग्रॅनाइटवर सेट टॉप बॉक्स, राउटर, पितळी समई, मुलाच्या ट्रॉफ्या, आणि या सगळ्यांना मोकळी जागा सोडून मग टीव्ही. त्याची खालची कड पाच फुटांवर. बसलेल्या माणसाचा डोळा असतो साडेतीन फुटांवर. तासभर मालिका बघितली की मानेला कळ लागते आणि दोष उशीला जातो. सिनेमाघरात पुढून तिसऱ्या रांगेत तिकीट मिळालं की आपण हळहळतो. घरी मात्र कारागिराला पैसे देऊन तीच रांग रोजची करून घेतो.

त्यातून आपल्या घरात डोळे काही एका उंचीवर नसतात. सोफ्यावर बसणाऱ्याचे डोळे जमिनीपासून ४२ इंचांच्या आसपास. संध्याकाळी परात पुढ्यात घेऊन गवार मोडत खाली बसलेल्या बाईचे जेमतेम ३० इंचांवर, आणि ती सोफ्याच्या पुढे बसते म्हणून टीव्हीच्या दोन-अडीच फूट जवळही असते. दिवाणावर आडव्या झालेल्या आजोबांचे आणखी खाली, वर मान तिरकी. ओट्यापाशी उभी असणारी, कढईकडे एक आणि टीव्हीकडे एक डोळा ठेवून असते, तिचे पाच फुटांवर. विलायती मासिकांतल्या चित्रांत एक जोडपं एका सोफ्यावर सरळ बसलेलं असतं, त्यांच्यासाठी केलेला हिशेब आपल्या हॉलमध्ये आणला की तो पहिल्या संध्याकाळीच मोडतो. टीव्हीचा मध्य साडेतीन फुटांवर, फार तर पावणेचारवर ठेवावा. उभ्या माणसाला खाली बघायला कष्ट पडत नाहीत. बसलेल्याला वर बघायला पडतात. ५५ इंची टीव्हीचा मध्य ४२ इंचांवर घेतला तर खालची कड जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांच्या मध्येच कुठेतरी येते. मग समई आणि ट्रॉफ्यांनी दुसरं घर शोधायचं. घरात रांगतं मूल असेल तर मात्र मी गप्प बसते. दोन वर्षं मान दुखलेली परवडते.

प्रोजेक्टरचं काय, हे हल्ली प्रत्येक जण विचारतो. नाशिकला माझा धाकटा भाऊ आहे, त्याने विचारलं नाही, सरळ आणला. शंभर इंची चित्र, टीव्हीच्या निम्म्या किमतीत, असं त्याचं गणित होतं. शंभर इंच तिरके म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच. एवढी सलग रिकामी भिंत आपल्या हॉलमध्ये कुठे असते सांगा. एका कडेला बेडरूमचं दार, दुसऱ्या कडेला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, मध्ये स्विचबोर्ड. भावाने स्विचबोर्डवर पांढरा कागद चिकटवला. नायकाच्या गालावर तीन महिने तो चौकोनी उंचवटा होता.

साध्या प्रोजेक्टरला मागे जायला जागा लागते. पडद्याची रुंदी एक असेल तर अंतर साधारण सव्वा ते दीड पट, म्हणजे शंभर इंचांना नऊ-दहा-अकरा फूट. म्हणून तो समोरच्या भिंतीवर, छताजवळ टांगावा लागतो. आणि छताजवळ, खोलीच्या बरोबर मधोमध, आपल्या देशात पंखा असतो. ही गोष्ट माहितीपत्रकात कधीच नसते. भावाच्या घरी फॉल्स सीलिंगमुळे पंख्याची दांडी लांब, पाती आठ फुटांच्याही खाली. प्रोजेक्टरचा झोत त्यांना चाटून जायचा. चित्राच्या वरच्या कडेला सावली लपक लपक लपक. पंखा जोरात केला तर सावली विरून चित्र थरथरतं, हळू केला तर प्रत्येक पातं मोजता येतं, बंद केला तर एप्रिलचं नाशिक. शेवटी त्याने प्रोजेक्टर खाली सहा फुटांवरच्या फळीवर आणला. आता जो पाणी प्यायला उठतो त्याचं डोकं क्लायमॅक्समध्ये काम करतं.

दुसरं म्हणजे काळा रंग. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त तिथे उजेड टाकायचा थांबतो. मग तिथे जे दिसतं ती तुमची भिंत. ट्यूब लावलेल्या खोलीत भिंत पांढरी दिसते, म्हणजे रात्रीचा प्रसंगही पांढराच. पूर्ण अंधार केला तर शंभर इंचांवर थिएटरइतका उजेड पडायला खरे पाचशे लुमेन पुरतात (लुमेन हे उजेडाचं माप). खरे, म्हणजे एएनएसआय या अमेरिकन मानकसंस्थेच्या नावाने लिहिलेले. ऑनलाइन मिळणाऱ्या डबीएवढ्या प्रोजेक्टरवर जे पाच-दहा हजार लुमेन छापलेले असतात ते कुठल्या मापाने मोजतात, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. ट्यूब चालू ठेवून बघायचं तर याच्या अनेक पट उजेड हवा. अंधार करून बघायचं तर गवार कोण मोडणार, अभ्यास कोण करणार, आल्यागेल्याला दार कोण उघडणार? आपला हॉल संध्याकाळी सहा ते दहा कधीच अंधारात नसतो. भिंतीला अगदी लागून ठेवायचे, वीतभर-दोन वीत अंतरावरून वर झोत टाकणारे लेझर प्रोजेक्टर आता मिळतात. पंख्याचा आणि डोक्यांचा प्रश्न ते सोडवतात, पण त्यांच्या किमतीत चांगला मोठा टीव्ही येतो.

तरी प्रोजेक्टरवर माझा राग नाही. त्याची जागा हॉल नव्हे, एवढंच. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर चादर ताणून सिनेमा लावतात, वर्ल्ड कपच्या फायनलला पार्किंगमध्ये गाड्या हलवून पडदा लागतो, तिथे तो शोभतो. गणपतीत गल्लीत पडदा बांधून सिनेमा दाखवायचे तेव्हा पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पडद्यामागे बसायचो. नावं उलटी, नायक डावखुरा, बाकी काही अडत नसे. शंभर माणसांना एकदम दिसायचं असेल तर अंधार करणं परवडतं. चौघांसाठी परवडत नाही.

असो. आमच्या घरी टीव्ही घ्यायचा ठरलं तेव्हा मी दुकानात जायच्या आधी जुन्या वर्तमानपत्रांचा ४८ बाय २७ इंचांचा तक्ता चिकटवून भिंतीवर लावला. पेंटिंगवाल्यांची कागदी चिकटपट्टी वापरली, रंग निघत नाही. तो तक्ता आठवडाभर तसाच राहिला. कागदाचा टीव्ही सगळ्यांना उपयोगी पडला. नवऱ्याने त्यावर जुनी अर्थसंकल्पाची बातमी पुन्हा वाचली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली, की जाहिरातीचं पान बरोबर डोळ्यासमोर आणि शब्दकोडं वर कोपऱ्यात, असं का लावलंस. तक्ता लावल्यावर कळलं की बेडरूमचं दार पूर्ण उघडलं की त्याची मूठ ५५ इंचीच्या कडेवर आपटते. नकाशात तो पाव गोल मीच काढला होता, घर आमचंच असल्यामुळे त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. दुसरं कळलं ते असं, की बंद टीव्ही दिवसाचे अठरा-वीस तास भिंतीवर असतो आणि तेव्हा तो १३०० चौरस इंचांचा काळा आरसा असतो. आमच्या बाल्कनीचं दार बरोबर त्याच्यासमोर. दुपारी तीनला त्या वर्तमानपत्रावर जेवढं ऊन पडायचं तेवढा भाग उद्या मॅचमध्ये दिसणार नव्हता. मग आधी पडदे बदलले. टीव्हीच्या निमित्ताने घरात पहिला खर्च पडद्यांवर झाला.

आणि तिथेच सासऱ्यांचा फोटो होता. चंदनी हार घातलेला, दोन फूट बाय दीड. फोटो हलवायचा की टीव्ही लहान घ्यायचा, यावर कुणी तोंड उघडेना. तीन दिवसांनी सासूबाईच म्हणाल्या, "त्या भिंतीवर त्यांच्यामागे माझी मालिका चालायची, ते तिकडे तोंड करून बसणारे नव्हतेच. समोर लावा. मॅच तरी दिसेल."

आमच्याकडे शेवटी ५० इंची आला. चित्र साडेत्रेचाळीस इंच रुंद, दाराची मूठ सुटली, वितीच्या हिशेबात सव्वा. मुलगा म्हणाला, ५५ चं भाव-अंतर फक्त चार हजार होतं. होतं, पण दार माझं होतं. कराचा प्रश्नही आता राहिलेला नव्हता. सरकारने बरीच वर्षं ३२ इंचांवर रेघ मारून ठेवली होती, तिथपर्यंत १८ टक्के जीएसटी आणि पुढे २८. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हींनाही १८ लागू झाला आणि लोकांना एकदम आपले हॉल मोठे वाटायला लागले. आवाजाचं एकच सांगते. इतक्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नसते, तो खाली किंवा मागे भिंतीकडे बोलतो. पंखा पाचवर, खाली रिक्षा आणि आत मिक्सर असताना संवाद ऐकू यायचे असतील तर साउंडबारचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

कंपनीचा फिटर आला. लेव्हल पट्टी, ड्रिल, ब्रॅकेट सगळं काढून त्याने सवयीने खांद्याच्या वर, जवळपास साडेपाच फुटांवर पेन्सिलीची खूण केली. मी सासूबाईंना सोफ्यावर त्यांच्या जागी बसवलं आणि डोळ्यांपाशी टेप धरला. ४० इंच. भिंतीवर तेवढ्यावर मध्य काढून दिला.

"मॅडम, एवढ्या खाली कुणीच लावत नाही."

"माहितीये."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग सासूबाईंकडे. तिघांपैकी कुणी हललं नाही. तेव्हा भोकं पाडली, प्लग ठोकले, टीव्ही चढवला, लेव्हल तपासली. जाताना बूट घालता घालता म्हणाला, "ठीक आहे. पण नंतर वर घ्यायला बोलावलंत तर व्हिजिटचे वेगळे पडतील. भोकं बुजवायचं आमच्यात येत नाही."